काचेआडचं घड्याळ

विणकराच्या घरात तिघं जण होती. विणकर, त्याची बायको आणि त्याची धाकटी बहीण. बहिणीला सातव्या वर्षी ताप आला, अकरा दिवस हटला नाही, आणि उतरला तो दोन्ही कान घेऊनच उतरला. तेव्हापासून तिला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. गल्लीतली पोरं तिला ‘भिंत’ म्हणायची. भिंतीशी बोललं काय नि हिच्याशी बोललं काय, असा तो विनोद.

विणकराच्या बायकोला मात्र सगळी गल्ली वहिनी म्हणायची, अगदी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला पलीकडचा चांभारसुद्धा. लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला वाटलं होतं, मुकी नणंद पदरात पडली. चार दिवसांत तिला कळलं, वन्सं मुक्या मुळीच नाहीत. सात वर्षांपर्यंत ऐकलेली भाषा त्यांच्या तोंडात शाबूत होती. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो कधी एकदम वर चढायचा, कधी घशातच बसायचा. एकदा दुकानात त्यांनी काहीतरी मागितलं आणि चारचौघं दचकून वळली, मग हसली. त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर वन्संचं तोंड बंद. घरात बोलायच्या, तेही मोजकं. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बरंचसं समजायचं, फक्त समोरच्यानं त्यांच्याकडे तोंड करून बोलायला हवं होतं. आणि तेवढी सवड कुणाला होती? विणकर तर जन्मभर मागावर मान खाली घालून बसलेला माणूस. बोलायचा तेही मागाशीच बोलल्यासारखा.

माग पुढच्या खोलीत होता. खोली कसली, मागच होता, आणि त्याच्या कडेकडेनं माणसं वावरायची. विणकर विणायचा, वहिनी आणि वन्सं कांड्यांवर सूत भरायच्या. काम ढीगभर असायचं, पण चालायचं घरच्या तालावर. शनिवारी कापड व्यापाऱ्याकडे पोचलं की रविवार आपला, आणि खरं सांगायचं तर सोमवारही आपलाच. मंगळवारी विणकर आळोखेपिळोखे देत मागावर चढायचा. बुधवारी हात बसायचा. गुरुवार-शुक्रवार मात्र घरात कुणी कुणाशी नीट बोलायचं नाही, जेवणसुद्धा मागावरच. वहिनी कुरकुरायची, “सोमवारी चार वार विणले असते तर आज ही धावपळ झाली असती का?” विणकर म्हणायचा, “सोमवारी विणायचं असतं तर देवानं रविवारच दोनदा दिला नसता.” या बोलण्याला काही अर्थ नव्हता, पण त्यावर वाद घालणंही शक्य नव्हतं.

मग नदीकाठी गिरणी उभी राहिली. दोन वर्षांत धुराडं आकाशाला लागलं, आणि तिसऱ्या वर्षी व्यापाऱ्यानं सूत देणं थांबवलं.

“तुमच्या कापडात खोट नाही हो,” व्यापारी म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. “पण गिरणी निम्म्यात देते. मी तुमचं घेऊन ठेवू कुठं?”

विणकर घरी आला आणि मागावर अर्ध्यात राहिलेल्या कापडासमोर बसून राहिला. “गिरणीत मी पाय ठेवणार नाही,” तो म्हणाला. कुणी त्याला ठेव म्हटलं नव्हतं. आणि खरी गंमत पुढेच होती, गिरणीला तो नकोच होता. गिरणीला बायका हव्या होत्या. बायकांची बोटं चपळ असतात, असं मुकादम सांगायचा. बायका उलट बोलत नाहीत, हे तो सांगायचा नाही, पण त्याच्या मनात तेच होतं.

वहिनीनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं, “मी जाते.”

“मीपण,” वन्सं म्हणाल्या.

“तुला ऐकू येत नाही,” विणकर तुटका धागा चिमटीत धरून खाली बघत म्हणाला. वन्संनी पुढं होऊन दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली. “पुन्हा बोल.”

“तुला ऐकू येत नाही म्हटलं. यंत्रं असतात तिथं. मागून कुणी ओरडलं तर तुला कळायचं नाही.”

“घरात तरी कुणी पुढून बोलतंय का?” वन्सं म्हणाल्या.

मुकादमासमोर सगळं बोलणं वहिनीनंच केलं. “ही का गप्प?” त्यानं विचारलं. “लाजाळू आहे जरा,” वहिनी म्हणाली. “लाजाळूच बऱ्या,” म्हणत मुकादमानं दोघींना विणकाम खात्यात टाकलं.

पहिल्या दिवशी वहिनीनं त्या खात्याचं दार ओलांडलं आणि तिला वाटलं, छप्पर कोसळतंय. तीनशे माग एका छताखाली धडाडत होते. तिथं त्यांना साचे म्हणत. डोक्यावरून पट्टे सरसर फिरत होते, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत होते, हवेत कापसाची भुकटी तरंगत होती. कानावर हात ठेवावेत तर काम कोण करणार? एक बाई तिला काहीतरी शिकवत होती. बाईचे ओठ भले मोठे उघडत होते, मिटत होते, पण आवाजाचा पत्ता नव्हता. “काय? काय म्हणता?” वहिनी जीव खाऊन ओरडली, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही.

घाबरून तिनं वन्संकडे पाहिलं. वन्सं खिडकीजवळच्या साच्यापाशी उभ्या होत्या, शांत. त्यांनी चपला काढून पाय फरशीवर टेकवले होते आणि त्या आजूबाजूला बघत होत्या. पलीकडच्या रांगेत दोन बाया एकमेकींशी बोलत होत्या, साचे चालू ठेवून, चार हातांच्या अंतरावरून, नुसत्या ओठांनी. त्यांच्यापलीकडे आणखी दोघी. सगळं खातं बोलत होतं. कुणाचं पोर आजारी होतं, कुणाची सासू छळत होती, मुकादमाच्या मिशीवर कुणीतरी काहीतरी भयंकर बोललं होतं. आणि वन्सं हसल्या. पोट धरून, मोठ्यानं हसल्या असाव्यात, कारण त्यांचं सगळं अंग हललं. तो आवाज कसा होता ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि म्हणून कुणी वळूनही पाहिलं नाही.

वहिनीनं पुढं कितीतरी वेळा सांगितलं, “त्या दिवशी तिथं बहिरी मी होते.”

ती ओठांची बोली शिकायला वहिनीला चार महिने लागले. तेही वन्संच्या मदतीनं. वन्सं तिला शिकवायच्या: ‘प’, ‘ब’, ‘भ’ आणि ‘म’ ओठांवर सारखेच दिसतात, तेव्हा नुसते ओठ बघायचे नाहीत, गाल बघायचे, भुवया बघायच्या, आधी काय बोलणं चाललं होतं ते ध्यानात ठेवायचं. नव्या आलेल्या बायांना मुकादम आता थेट त्यांच्याकडेच पाठवायला लागला. त्यांचा कान गेला आहे हे तोवर सगळ्यांना कळलं होतं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. वर्षभरात खात्यात त्यांचं नाव ‘मास्तरीण’ पडलं. साऱ्या खात्याची सुखदुःखं त्यांच्याकडे जमा व्हायची. संध्याकाळी घरी येताना त्या वहिनीला सांगत सुटायच्या, आणि वहिनी म्हणायची, “अहो वन्सं, जरा दम खा, माझे डोळे दुखायला लागले तुमचं ऐकून.”

घरी वेगळीच तऱ्हा. विणकर आता दिवसभर एकटा. पहिल्या आठवड्यात त्यानं भांडं करपवलं, दुसऱ्या आठवड्यात कालवणात मीठ दोनदा घातलं, तिसऱ्या आठवड्यात मीठ घातलंच नाही. केर काढताना तो दाराला आतून कडी लावायचा. तरी बातमी फुटली आणि कोपऱ्यावरच्या टोळक्यानं त्याला ‘घरकोंबडा’ म्हणायला सुरुवात केली. टोळक्यातले निम्मे स्वतःही घरीच बसलेले होते, पण हसायला तेवढं पुरतं. वहिनीला नवऱ्याची कीव यायची आणि रागही. बारा तास उभं राहून आल्यावर पाय सुजलेले असायचे, आणि हा समोर बटाटे ठेवून मान खाली घालून बसणार.

“चांगले झालेत बटाटे,” ती म्हणायची.

“ओरडतेस कशाला? मी इथंच बसलोय.”

“मी ओरडतेय?”

“ओरडतेस. आणि तोंड एवढं मोठं करतेस, मला वाटतं माझाच घास घेतेस की काय.”

तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं, आपण घरातही गिरणीसारखंच बोलतोय. तिला हसू आलं. विणकरालाही आलं, पुष्कळ दिवसांनी.

सोमवार मात्र कायमचा गेला. आता सगळे वार एकाच तोंडवळ्याचे. सकाळी घंटा झाली की पाचव्या मिनिटाला फाटक बंद, मग तुम्ही धावत आलात काय नि उडत आलात काय. बंद फाटकाबाहेर राहिलं की दुपारपर्यंत काम नाही. एकदा शेजारची एक बाई तान्ह्या लेकराला पाजत होती म्हणून दोन मिनिटं चुकली आणि फाटकाच्या गजांना धरून रडली. पहारेकरी म्हणाला, “मी काय करू? घड्याळ म्हणेल तसं.”

पण ते घड्याळ कुणी पाहिलं होतं? गिरणीतलं घड्याळ होतं गिरणी चालवणाऱ्या साहेबाच्या खोलीत. विणकाम खात्याच्या एका टोकाला, जिना चढून, काचेची खोली होती. साहेब तिथून साऱ्या खात्यावर नजर ठेवायचा. घड्याळाचं तोंड साहेबाकडे, पाठ कामगारांकडे. आणि कामाला येताना कुणी स्वतःचं घड्याळ आणायचं नाही, असा नियमच होता. घड्याळाची साखळी साच्यात अडकते, असं कारण सांगत. गावात मनोऱ्यावर एक जुनं घड्याळ होतं, त्याचे टोले घरी ऐकू यायचे. ते आणि गिरणीची घंटा यांचा मेळ नसायचा. पण सगळे म्हणायचे, मनोऱ्यातलं म्हातारं झालंय, गिरणीचं नवं आहे, गिरणीचंच बरोबर.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी साहेब काचेजवळ येऊन उभा राहिला, शेतावर नजर टाकावी तसा. मागं कारकून होता. साहेब खात्याकडे बघतच कारकुनाशी बोलला. तीनशे साच्यांच्या गदारोळात त्याचा शब्द जिन्यापर्यंतही पोचला नसता. पण वन्संच्या साच्यापासून काच समोरच दिसायची.

घरी जाताना वन्संनी वहिनीचा दंड धरून तिला थांबवलं. “साहेब म्हणाला, घड्याळ मागं घ्या. दहा मिनिटं. कालच्यासारखं.”

“छे! तुम्ही ‘मागं’ वाचलंत, तो ‘भाग’ म्हणाला असेल. तुम्हीच सांगता ना, सारखं दिसतं म्हणून.”

“भाग दहा मिनिटं असतो का?” वन्सं म्हणाल्या. “आणि कारकून उठला. घड्याळाकडे गेला. हात वर केला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वहिनीला नीट कळेना, हे साहेबाच्या लबाडीमुळे की आपण विश्वास ठेवला नाही म्हणून. तिला स्वतःचीच लाज वाटली.

घरी आल्यावर दोघींनी विणकराला सांगितलं. तो बटाटे सोलत होता. त्यानं सुरी खाली ठेवली.

“मला वाटायचं माझीच काहीतरी गफलत होते,” तो म्हणाला. “मनोऱ्याचे सहा पडले की मी कालवण चुलीवर ठेवतो. तुम्ही येईपर्यंत ते रोज आटतं. मी म्हणायचो, मनोरा पुढं पळतोय. पण सकाळी? सकाळी तुम्ही फाटकात शिरता, घंटा होते, आणि मनोऱ्याचे सहा त्याच्यानंतर पडतात. सकाळी मनोरा मागं आणि संध्याकाळी पुढं, असं कसं होईल?”

बोलता बोलता तो थबकला. वन्सं मान वाकडी करून त्याचा चेहरा पकडायचा प्रयत्न करत होत्या. मग विणकरानं आपणहून पाट ओढला, बहिणीच्या समोर बसला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. सावकाश, तिच्याकडे बघत. वहिनीनं मुद्दाम चुलीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी विणकर घड्याळजीकडे गेला. घड्याळजी म्हणजे मनोऱ्याच्या घड्याळाला चावी देणारा म्हातारा, फार लवकर चिडणारा. “म्हातारं झालंय म्हणतात? ते घड्याळ?” तो उसळला. “रोज दुपारी सावलीवर पडताळून बघतो मी. ज्यांना शंका आहे त्यांना घेऊन ये माझ्यासमोर!” विणकरानं त्याला शांत केलं आणि एक जुनं खिशातलं घड्याळ पंधरवड्यासाठी मागून आणलं. मग पंधरा दिवस, सकाळी नि संध्याकाळी, गिरणीची घंटा झाली की तो खडूनं भिंतीवर वेळ लिहायचा. कोपऱ्यावरच्या टोळक्यानं विचारलं, घरकोंबडा आता आरवायला शिकतोय काय? त्यानं लक्ष दिलं नाही. सकाळची घंटा बारा ते पंधरा मिनिटं लवकर होत होती. संध्याकाळची तेवढीच उशिरा. दुपारची सुट्टीही मधल्या मध्ये आठ मिनिटांनी आखडली होती.

वहिनी त्या आकड्यांकडे बघत उभी राहिली. तिला ती फाटकाच्या गजांना धरून रडणारी बाई आठवली. ती उशिरा आलीच नव्हती.

पुढचं सगळं ओठांवर ठरलं. मुकादम रांगांमधून फिरत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाया ठरवत होत्या. त्याला दिसत होती ती नुसती हलणारी तोंडं, रोजच्यासारखी. काहीजणी घाबरल्या. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, एकीला चार पोरं. “कामावरून काढलं तर?” त्या विचारायच्या. वहिनीनं खोटं उत्तर दिलं नाही. “काढतील कदाचित,” ती म्हणायची. “पण तीनशे साचे साहेब एकटा चालवणार नाही.” आत राहून खरे सहा कधी वाजले हे मात्र कळणार कसं? मनोऱ्याचे टोले तिथं ऐकू येत नव्हते. त्यावर तोड विणकरानंच काढली.

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी वन्सं साचा चालवत होत्या आणि एक डोळा खिडकीवर होता. खिडकीबाहेर कालव्याची वाट होती. वाटेवर एक पिंप उपडं घालून विणकर त्यावर उभा होता. गिरणीच्या आवारात पाय ठेवायचा नाही ही आपली शपथ त्यानं पाळली होती, कुंपण चार हातांवर होतं. हातात घड्याळजीचं घड्याळ. वाटेवरची माणसं त्याच्याकडे बघत पुढं जात होती. वहिनीला तिच्या जागेवरून तो अर्धाच दिसत होता, टोपी आणि नाक. आज दोन धागे तिच्या चुकीनं तुटले.

विणकरानं मान वर केली. खिडकीत बहिणीचा चेहरा शोधला आणि तोंड भलं मोठं उघडून, एक अक्षर न चुकवता म्हणाला, “सहा वाजले.”

वन्सं वळल्या. “सहा वाजले,” त्या शेजारणीला ओठांनी म्हणाल्या आणि साच्याचा दांडा ओढला. साचा थांबला. “सहा वाजले,” शेजारीण पुढच्या रांगेला म्हणाली. वहिनीपर्यंत ते दोन शब्द कसे आले ते तिला कळलंही नाही, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर, उजेड सरकावा तसे आले. तिनं दांडा ओढला. एकेक साचा गप्प होत गेला, आधी खिडकीकडचे, मग मधले, मग पार जिन्याखालचे. वर पट्टे फिरत राहिले, पण खाली सगळं थांबलं.

मग ती शांतता आली. अशी शांतता त्या छताखाली माणसं असताना कधी पडलीच नव्हती. कुणीतरी खोकलं आणि तेही मोठं वाटलं.

साहेब जिन्यावर आला. “काय झालं? कुणी थांबवले साचे?”

तीनशे बाया ओठांनी इतकं बोलल्या होत्या की आवाज काढायचं कुणाला सुचेना. वहिनीनं बोलायचं, असं ठरलेलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि काही बाहेरच आलं नाही.

तेवढ्यात वन्सं पुढं झाल्या. भोवती शांतता आहे हे त्यांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. पायाखालची फरशीसुद्धा स्थिर होती. आता जे बोलू ते प्रत्येकाला ऐकू जाणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दुकानातला तो दिवस आठवला असेल का त्यांना? वहिनीनं नंतर कधी विचारलं नाही.

“सहा वाजले,” वन्सं म्हणाल्या. आवाज चिरकला, वर गेला, छताला लागला. कुणी हसलं नाही. “तुम्ही काचेमागून म्हणालात, घड्याळ मागं घ्या. दहा मिनिटं. मंगळवारी म्हणालात. शुक्रवारी पंधरा म्हणालात. मी ओठ वाचते साहेब. तुमचे सगळे शब्द वाचलेत.”

साहेबाचा हात नकळत तोंडावर गेला. तेवढंच पुरे झालं. त्याच्यामागं उभा असलेला कारकून खाली बघत होता, आणि जवळच्या बायांनी ते पाहिलं. कोण आधी निघालं ठाऊक नाही, पण तीनशे बाया साच्यांच्या रांगांमधून दाराकडे चालायला लागल्या. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. सहा वाजले होते, घरी जायची वेळ झाली होती.

गिरणी नऊ दिवस बंद राहिली. ते नऊ दिवस सोपे गेले असं कुणी म्हणू नये. पाचव्या दिवशी काही घरांत चूल पेटली नाही, आणि वहिनीच्या दारात येऊन एकजण तिला नको नको ते बोलून गेली. वहिनीनं ऐकून घेतलं आणि घरातले निम्मे बटाटे तिच्या ओच्यात घातले. घड्याळजी मात्र रोज फाटकासमोर आपलं घड्याळ घेऊन उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओढून दाखवायचा. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच ऐकणारी माणसं मिळाली होती. शेवटी दूरच्या शहरातून मालक आला. त्याच्याकडे कापडाच्या मागण्या तुंबल्या होत्या. साहेब म्हणाला, घड्याळ जुनं होतं, बिघडलं होतं. मालकानं ते खरं मानल्याचं दाखवलं. फाटकावर, रस्त्याकडे तोंड करून, एक मोठं घड्याळ बसलं. काचेच्या खोलीला आतून पडदे लागले.

फाटक उघडलं त्या सकाळी मुकादम कागद घेऊन उभा होता. एकेकीला आत सोडत होता. वहिनी गेली. तिच्यामागून वन्सं आल्या तेव्हा त्यानं हात आडवा घातला. “तुझं नाव कागदावर नाही,” तो म्हणाला. त्याला ते म्हणवत नव्हतं, म्हणून तो दुसरीकडे बघत म्हणाला. वन्संना कळलं नाही. त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी त्यानं त्यांच्याकडे वळून पुन्हा सांगितलं, आणि या वेळी त्याचे डोळे ओले होते.

आत गेलेल्या वहिनीनं मागं वळून पाहिलं. घरात कमावणारी आता ती एकटी उरली असती. नवऱ्याला काय सांगायचं, याचा विचार तिनं चार पावलं केला. पाचव्या पावलाला ती वळली आणि बाहेर आली.

“वेड लागलं का तुम्हाला, वहिनी?” वन्सं म्हणाल्या. “आत जा!”

“तुमच्याशिवाय मला तिथं कोण काय बोलतंय ते कळणार आहे का?” वहिनी म्हणाली. पुष्कळसं कळत होतं, पण ते सांगायची गरज नव्हती.

नदीच्या खालच्या अंगाला दुसरी गिरणी होती, पाऊण तास चालण्यावर. तिथल्या मुकादमाला ही हकीगत माहीत होती. पण त्याला हात कमी पडत होते, आणि नव्या बायांना दोन दिवसांत तयार करणारी मास्तरीण त्याला हवी होती. महिन्याभरानं दोघींना तिथं काम मिळालं. विणकरानंही आपली शपथ गिळली. साच्यावर चढवण्याआधी उभे धागे फणीतून एकेक ओवून घ्यावे लागत, ते काम यंत्राला जमत नव्हतं, आणि त्याच्याइतका सरावलेला हात जवळपास नव्हता. पहिल्या सकाळी तो फाटकाशी थबकला. वहिनीनं त्याचा डबा त्याच्या हातात दिला आणि पुढं चालायला लागली. तो मागोमाग आला. कालवण मात्र नंतरही बरेचदा तोच करायचा. वहिनीपेक्षा बरं जमायला लागलं होतं, आणि हे वहिनीनं कबूल केलं नाही तरी दोनदा वाढून घ्यायची.

एका रविवारी तिघं नदीकाठी बसली होती. विणकर बहिणीसमोर तोंड करून बसला होता. आता त्याला ती सवयच झाली होती. त्यानं विचारलं, “मी बोलतो तेव्हा तुला काय वाटतं गं? म्हणजे, नुसते ओठ दिसतात का?”

वन्संनी जरा विचार केला.

“आवाज ऐकू येतो,” त्या म्हणाल्या. “तुझा. ताप आला त्याच्या आदल्या दिवशी तू अंगणातून हाक मारली होतीस, तो आवाज. मला तोच माहीत आहे. तू नऊ वर्षांचा होतास.”

“आणि आता?”

“आताही नऊच वर्षांचा वाटतोस. मिशा असलेला.”

वहिनीला हसू आवरेना. विणकर हसला नाही. तो लहान मुलानं सांगावं तसं भराभर, नदीकडे, झाडाकडे, पलीकडच्या होडीकडे बोट दाखवत तिला काहीबाही सांगत सुटला.